‘माझं तुमच्यावर प्रेम आहे’ म्हटल्यावर सासूबाई गप्प का झाल्या?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बरोबर समजला आहे ना, हे आधी पाहते. तुम्ही कोइमतूरच्या, मातृभाषा तमिळ. तीन वर्षांपूर्वी सांगलीच्या मुलाशी लग्न झालं आणि नोकरीमुळे दोघं पुण्यात राहता. मराठी तुम्ही मन लावून शिकलात. यंदा दिवाळीनंतर सांगलीहून निघताना सासूबाईंना मिठी मारून म्हणालात, ‘‘आई, माझं तुमच्यावर खूप प्रेम आहे.’’ त्या अवघडून उभ्या राहिल्या, ‘‘बरं बरं, पोचलीस की फोन कर’’ म्हणाल्या आणि आत गेल्या. नणंदेला हसू आलं. कुंकूसुद्धा त्यांनी स्वतः लावलं नाही, शेजारच्या काकूंना हाक मारून लावायला सांगितलं. गाडीत तुम्हाला रडू आलं. शिवाय नवरा ‘लव्ह यू’ म्हणतो ते इंग्रजीत, मराठीत कधीच नाही. म्हणून तुम्ही विचारलंत: माझं वाक्य चुकलं का, मी त्यांना आवडत नाही का, की मराठीत प्रेमाला शब्दच नाहीत?

मी 24 वर्षं पुण्यात अमराठी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. बँकेत बदली होऊन आलेले अधिकारी, केरळच्या परिचारिका, आणि सगळ्यात जास्त तुमच्यासारख्या लग्न होऊन आलेल्या मुली. तुमचाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत दर वर्षी कुणीतरी विचारतं. तुमच्या सासूबाईंना मी ओळखत नाही, त्यामुळे त्यांच्या मनात काय होतं हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण त्या निरोपात जे बोललं गेलं, ते एक मराठी बाई कसं ऐकेल एवढं मी नक्की सांगू शकते.

वाक्य व्याकरणाला अगदी बरोबर आहे. फक्त ते मराठी घरातून आलेलं नाही आणि तमिळ घरातूनही नाही. तुमच्या स्वतःच्या आईला तुम्ही असं कधी म्हणाला आहात का? माझ्या तमिळ विद्यार्थिनींकडूनच मी शिकले, की ‘कादल’ हा प्रेमी जोडप्याच्या प्रेमाचा शब्द आईसाठी चालतच नाही. घरच्यांसाठी ‘पासम’, ‘अन्बु’ आहेत, पण तेही कुणी तोंडावर घडीघडी म्हणत नाही. घरातून निघताना तुम्ही ‘पोयिट्टु वरेन’ म्हणता, जाऊन येते. आम्हीही ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. आई फोनवर पहिल्यांदा विचारते ‘साप्पिट्टिया?’ आमची विचारते ‘जेवलीस का?’ ‘एनक्कु पिडिक्कुम’ आणि ‘मला आवडतं’ यांची घडणसुद्धा एकच आहे. म्हणजे जे तुम्ही नव्यानं शिकायला निघाला आहात, त्यातलं बरंचसं माहेराहून घेऊनच आला आहात. मिठीसोबतचं ते वाक्य मात्र इंग्रजीतून उचललेलं होतं, फक्त शब्द मराठी होते.

आता ‘प्रेम’ या शब्दाबद्दल. मराठीत तो आहे, पण घरात फारसा वावरत नाही. ‘त्या दोघांचं प्रेम आहे’ एवढंच म्हटलं तरी ऐकणारा विचारतो, मग लग्न कधी? घरातल्या ओढीसाठी आमच्याकडे दुसरेच शब्द आहेत: माया, जीव, लळा, जिव्हाळा, कौतुक, लाड. त्यांची क्रियापदं पाहा. माया लावतात, जीव लावतात, लळा लागतो, आठवण येते, ओढ वाटते. कुणावर फार असेल तर जीव टाकतात, लांब गेलं की जीव तीळ तीळ तुटतो. ‘मी प्रेम करते’ असं स्वतःकडे कर्तेपण घेऊन फार थोडी मराठी माणसं बोलतात.

‘माया’ शब्दाचा एक उपयोग तुम्हाला पुस्तकात सापडणार नाही, तो शिंप्याकडे सापडेल. ब्लाउज शिवताना शिलाईच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्या कापडाला माया म्हणतात. ‘माया किती ठेवू?’ असंच शिंपी विचारतो. मी हे वर्गात ब्लाउज उलटा करून दाखवते, कारण माया म्हणजे काय हे दाखवायला मला याहून चांगलं साधन सापडलेलं नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरून आलेल्याच्या लक्षात यायला वेळ लागतो. हे सगळे शब्द आम्ही ज्याच्याबद्दल वाटतं त्याला सांगत नाही, तिसऱ्याला सांगतो. ‘पोरीनं फार जीव लावलाय हो’ हे सुनेला ऐकू येत नाही, ते शेजारणीला ऐकू येतं. तोंडावर कौतुक केलं तर दृष्ट लागते अशी जुन्या बायकांची समजूत आहे. दृष्टीवर विश्वास नसलेल्या घरांतही सवय मात्र तीच राहिली आहे. सासूबाई तुमच्याबद्दल काय बोलतात हे जाणून घ्यायचं असेल, तर पुढच्या खेपेला ज्या काकूंनी कुंकू लावलं त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसा. माझ्या एका बंगाली विद्यार्थिनीला सासरी आपलं कौतुक होतं, हे चौथ्या वर्षी दूध घालणाऱ्या मावशींकडून कळलं.

आता तो निरोप पुन्हा ऐका: ‘‘पोचलीस की फोन कर.’’ तुम्ही यावरून टाळल्यासारखं झालं असं लिहिलंत. पण मराठी क्रियापद कुणाशी बोलतोय हे लपवू शकत नाही. दोघांना सांगायचं असतं तर त्या ‘पोचलात की फोन करा’ म्हणाल्या असत्या. मुलाला सांगायचं असतं तर ‘पोचलास की’. त्या ‘पोचलीस’ म्हणाल्या. मुलगा शेजारी उभा असताना फोन त्यांनी तुमच्याकडे मागितला. सांगली ते पुणे चार-साडेचार तासांचा रस्ता आहे, आणि असं सांगणारी बाई तेवढा वेळ फोन हाताशी ठेवून बसते. तुम्ही फोन केला होता का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. नवऱ्यानं केला असेल तर पुढच्या वेळी तुम्ही करा. ‘‘आई, पोचलो. रस्त्यात जेवलो. तुम्ही जेवलात का?’’ एवढं बोला. तुमच्या दिवाळीतल्या वाक्याचं घरगुती मराठी रूप हेच आहे.

मराठीत माया बहुतेक वेळा आज्ञेच्या, प्रश्नाच्या किंवा रागावण्याच्या रूपात येते. ‘उपाशी निघू नकोस’, ‘केस पूस, सर्दी होईल’, ‘एवढ्या रात्री कशाला निघता, सकाळी जा की’. तुम्ही लिहिलंय की गाडीची डिकी भरून त्यांनी शाळूचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, भडंग, तासगावचे बेदाणे आणि चकलीचा डबा दिला, आणि तुम्हाला वाटलं हे मुलासाठी. असेलही. एक गोष्ट आठवून पाहा: त्या सामानात तुमच्या आवडीचं, मुलगा खात नाही असं काही होतं का? कमी तिखटाची चटणी वेगळ्या बरणीत? माझा अनुभव असा, की मराठी सासू सुनेची आवड तोंडानं विचारत नाही, पानात काय उरलं यावरून हेरते आणि पुढच्या वेळी बरणी वेगळी करते.

संबोधनांकडे तर कान देऊनच राहा, कारण मराठीत जवळीक तिथे सगळ्यात आधी उतरते. मुलगा ‘ए आई’ म्हणतो, सून ‘अहो आई’. यात परकेपणा नाही, तो नात्याचा रिवाज आहे. तुम्ही कोइमतूरकडच्या कोंगू भागातल्या, तिथे तर लहान मुलालाही ‘सोल्लुंग’, म्हणजे आदरानं ‘सांगा’, म्हणतात, त्यामुळे आदर आणि माया एकत्र नांदतात हे तुम्हाला सांगायला नको. सासूबाईंना ‘अगं आई’ म्हणायची घाई करू नका, त्यांनी सुचवलं तर गोष्ट वेगळी. उलट दिशेनं काय येतं ते ऐका. त्या तुम्हाला नावानं हाक मारतात, की नाव आखूड करून? कधी ‘दमलास का रे बाळा?’ असं पुल्लिंगी विचारतात का? तशा बोलल्या तर व्याकरण दुरुस्त करू नका. आमच्याकडे लेकीसुनांना लाडानं मुलासारखं बोलतात, जसं तुमच्याकडे मुलीलाही लाडानं ‘कण्णा’ आणि ‘वाडा’, म्हणजे ‘ये रे’, म्हणतात. त्याहून पुढची पायरी म्हणजे नपुंसकलिंग. ‘दमलं गं माझं लेकरू’, ‘वेडं कुठलं’, ‘गुणाचं माझं ते’. लेकरू, पिल्लू, वासरू, कोकरू ही सगळी पोटाशी धरायची माणसं आणि जनावरं मराठीत नपुंसकलिंगी आहेत. तमिळमध्ये ‘कुळंदै’, म्हणजे मूल, हा शब्दही तसाच चालतो. म्हणून ज्या दिवशी सासूबाई तुम्हाला ‘ते’ म्हणतील, तो दिवस लक्षात ठेवा.

रागाच्या शब्दांबद्दल एक सावधगिरी. ‘वेडी आहेस का’, ‘गधडे’, ‘मेल्या’, ‘कार्टं’ हे सगळे सुरावर अवलंबून लाडाचे होतात. वडीलधाऱ्यांकडून आले तर खुशाल हसून घ्या. पण उलट वापरू नका, बरोबरीच्या नणंदेलाही तिनं आधी वापरल्याशिवाय नको. शब्दापेक्षा सूर मोठा असतो आणि परक्या भाषेतला सूर सगळ्यात शेवटी जमतो. तसंच ‘थँक्यू’ आणि ‘धन्यवाद’ घरात जपून वापरा. जेवण वाढल्यावर ‘थँक्यू आई’ म्हणालात तर ‘मी काय परकी आहे का’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी आणखी मागून घ्या. ‘मला तुमच्या हातचीच आमटी लागते’ यातल्या ‘लागते’मध्ये फार काही येतं.

हावभावांचंही तसंच. आमच्याकडे मागच्या पिढीत मिठीच्या जागा ठरलेल्या होत्या. सासरी निघालेली लेक आईच्या गळ्यात पडते, वारीत माणसं एकमेकांना ‘माउली’ म्हणत पाया पडतात आणि उराउरी भेटतात. रोजच्या येण्याजाण्यात सासू-सून मिठी मारत नसत. त्यामुळे तुमच्या मिठीत हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळलं नसेल. अवघडणं आणि नको असणं यांत फरक आहे, आणि तो पाठीमागून दिसत नाही. त्यांच्या हातांना सवयीच्या खुणा वेगळ्या आहेत: वाकून नमस्कार केल्यावर पाठीवर ठेवलेला हात, निघताना तळहातावर दिलेली दही-साखर, गालांवरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा मोडलेली बोटं, मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या ओवाळून काढलेली दृष्ट. मिठी सोडून द्या असं मी म्हणत नाही. आधी नमस्कार करा, मग त्यांचा हात पाठीवर आला की तो क्षणभर धरून ठेवा. मिठीपर्यंत त्या तिथून येतील किंवा येणार नाहीत.

नवऱ्याबद्दल थोडक्यात. त्याच्या वयाच्या बहुतेक मराठी मुलांना ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य नाटक-सिनेमातलं वाटतं, आणि ‘लव्ह यू’ हलकं असल्यामुळे जिभेवर सहज येतं. लग्नात तुम्ही दोघांनी उखाणा घेतला असेल. पूर्वी बायको नवऱ्याचं नाव उच्चारत नसे, म्हणून चारचौघांत यमकात गुंफून नाव घेणं हीच तिची उघड कबुली होती, आणि म्हणूनच तिथे ‘नाव घे’ म्हणतात. पण तुम्हाला मराठीत ऐकायचं असेल तर नवऱ्याकडे सरळ मागा. ‘मला हे तुझ्या भाषेत ऐकायचंय’ म्हणा. सासूबाईंकडे मागता येत नाही, नवऱ्याकडे येतं. तो बहुधा पूर्ण वाक्य म्हणणार नाही, एखादं नाव ठेवील: ठमे, वेडाबाई, असलं काहीतरी. ते घ्या.

आता एक कबुली द्यायची आहे, कारण वरचं सगळं वाचून कुणी स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीनं मला असंच विचारलं होतं. मी तिला हेच सांगितलं, की मराठी माणसं बोलत नाहीत, कृतीतून बघ. ती दोन वर्षं कृती शोधत राहिली. त्या घरात ती सगळ्यांच्या शेवटी उरलेलं जेवायची, तिला नावानं कुणी हाक मारत नव्हतं, आजारपणात कुणी विचारलं नाही. मी नीट चौकशी न करता सल्ला दिला होता आणि तो चुकीचा होता. तेव्हापासून मी आधी विचारते: तू जेवलीस का, हे घरात कुणी विचारतं का? रागावल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी आपणहून बोलतं का? तू नसताना तुझी वस्तू कुणी जपून ठेवतं का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर तिथे माया लपलेली नाही, ती नाहीच, आणि मग प्रश्न भाषेचा राहत नाही. तुमच्या पत्रात फोन आहे, डिकी आहे, ‘पोचलीस’ आहे. म्हणून मी तुम्हाला वेगळं उत्तर देते आहे.

राहिला कुंकवाचा भाग. तुम्हाला तो सगळ्यात जास्त लागला असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. तुम्ही ओघात लिहून गेलात की सासरे पाच वर्षांपूर्वी गेले. माझ्या मते सगळं तिथे आहे. आमच्याकडे घरी आलेली सवाष्ण बाई निघाली की ‘कुंकू लावून जा गं’ म्हणतात. निरोपाची इतकी मायेची दुसरी खूण आमच्याकडे नाही. आणि नवरा गेलेल्या बाईला तिथून बाजूला केलं जातं. तिच्या हातचं कुंकू लागू नये, तिनं ओटी भरू नये, असं तिला वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं. तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसतो. तुमच्याकडेही हे वेगळं नाही, तुम्ही पाहिलं असेल. त्या बाईनं शेजारणीला हाक मारली ती तुम्हाला कुंकवाशिवाय पाठवायला तिचं मन धजेना म्हणून, आणि स्वतःच्या हातानं लावून तुमच्या संसाराला काही लागेल या भीतीनं. हा माझा अंदाज आहे, पण अशा कितीतरी सासवा मी पाहिल्या आहेत.

ही प्रथा मला मान्य नाही, आणि ती मोडायला तुमच्या सासरच्या भागातच सुरुवात झाली आहे. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड सांगलीहून लांब नाही. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. ठरावानं मनातली भीती एका दिवसात जात नाही. पण सुनेनं कपाळ पुढे केलं तर काय होतं, हे मी माझ्याच दोन विद्यार्थिनींच्या घरी घडलेलं ऐकलं आहे. एकीच्या सासूबाईंनी लावलं. दुसरीच्या म्हणाल्या, ‘‘नको गं, मला भीती वाटते,’’ आणि करंडा तिच्या हातात देऊन त्याच हातानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तुम्ही संक्रांतीला जाणार आहात असं लिहिलंय. हे बाहेर, सगळ्यांसमोर, गाडी दारात उभी असताना करू नका. नणंद नसताना, काकूंना हाक मारायच्या आधी, स्वयंपाकघरात जा. करंडा तुम्हीच देवासमोरून उचलून न्या आणि त्यांच्यापुढे धरून म्हणा, ‘‘आई, आज तुम्हीच लावा.’’ कारण विचारलं तर सांगा, ‘‘मला तुमच्या हातचंच हवंय.’’ नाही म्हणाल्या तर आग्रह एकदाच करा, दुसऱ्यांदा नको. करंडा जागेवर ठेवा, नमस्कार करा आणि निघताना ‘येते’ म्हणा. मग दारातून मागे वळून, त्यांच्याच सुरात: ‘‘आणि दुपारी जरा पडा, सारखं उभ्या राहू नका.’’